व्हीआर हेडसेट घ्यावा की घेऊ नये: पैसे मोजण्यापूर्वी काय तपासावे

व्हीआर हेडसेटच्या, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात असल्याचा अनुभव देणाऱ्या उपकरणाच्या, खरेदीचा विचार बहुतेक लोक भलत्या टोकाकडून सुरू करतात. कोणत्या हेडसेटमध्ये पिक्सेल अधिक, कोणता हलका, कोणता स्वस्त, याची तुलना आधी होते आणि तो घरी आल्यावर त्याचे नेमके काय करायचे, हा प्रश्न मागाहून पडतो. वास्तविक पहिला प्रश्न तोच असायला हवा. आठवड्यातून दोनदा हे उपकरण डोक्यावर चढवून आपण कोणती एक गोष्ट करणार आहोत, हे एका वाक्यात सांगता येते का ते पाहावे. सांगता येत नसेल तर पुढचे काही तपासण्याचीही आवश्यकता नाही, खरेदी खुशाल लांबणीवर टाकावी. ‘सगळेच थोडे थोडे करून पाहीन’ हे उत्तर मी ग्राह्य धरत नाही, कारण नवलाई ओसरली की हेडसेट कपाटात जातो तो बहुधा असे उत्तर देणाऱ्यांच्याच घरी.

टिकणारे उपयोग माझ्या मते मोजके आहेत. त्यांत पहिला क्रमांक शारीरिक हालचालीच्या खेळांचा. ‘बीट सेबर’सारख्या तालावर हात चालवण्याच्या खेळात अर्ध्या तासात चांगला घाम निघतो, आणि ‘इलेव्हन टेबल टेनिस’मध्ये चेंडूची फिरकी इतकी खरी वाटते की खऱ्या टेबलावर खेळणारेही सरावासाठी तो वापरतात. टेबल टेनिसचे टेबल नऊ फूट लांब आणि पाच फूट रुंद असते व त्याभोवती खेळाडूंना फिरायलाही जागा लागते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये एवढी जागा कोणाकडे नसल्यामुळे हा उपयोग इथे विशेष सार्थ ठरतो. दुसरा टिकाऊ उपयोग बसून चालवण्याच्या सिम्युलेटरचा आहे. ज्यांच्याकडे समर्थ ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक आहे आणि स्टिअरिंग किंवा जॉयस्टिक आधीच आहे, त्यांना मोटारशर्यतीत किंवा विमानाच्या कॉकपिटमध्ये मान वळवून बाजूला पाहता येणे यापेक्षा मोठी सुधारणा मिळणार नाही. तिसरा उपयोग व्यवसायाशी निगडित आहे. घराची रचना किंवा अंतर्गत सजावट करणाऱ्यांना संगणकावरचा त्रिमितीय आराखडा प्रत्यक्ष मापात, आत उभे राहून ग्राहकाला दाखवता येतो, आणि एखादे कामही त्यामुळे मिळाले तर खर्चाचा प्रश्न उरत नाही.

याउलट, ज्या एका कारणासाठी आपल्याकडे सर्वाधिक हेडसेट घेतले जात असावेत, त्या चित्रपट पाहण्याच्या उपयोगाबद्दल सावध राहावे. येथे थोडा हिशेब करण्यासारखा आहे. फेसबुकवाल्या मेटा कंपनीच्या क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये दृष्टीच्या प्रत्येक अंशाला सुमारे २५ पिक्सेल येतात आणि क्वेस्ट ३एस या त्याच्या स्वस्त भावंडात सुमारे २०, तर निरोगी डोळा साधारण ६० पिक्सेलपर्यंतचा बारकावा ओळखू शकतो. आता समोरचा आभासी पडदा दृष्टीचे ५० अंश व्यापेल एवढा मोठा केला, तर त्या पडद्याच्या वाट्याला रुंदीत क्वेस्ट ३वर १,२५० आणि ३एसवर १,००० पिक्सेलच येतात. साध्या फुल एचडी टीव्हीच्या रुंदीतही १,९२० पिक्सेल असतात. पडदा चित्रपटगृहाएवढा दिसतो हे खरे, परंतु त्यावरचे चित्र दिवाणखान्यातल्या टीव्हीपेक्षा मऊ दिसते आणि ते एकट्याने पाहावे लागते. संगणकाच्या अनेक आभासी पडद्यांवर दिवसभर कार्यालयीन काम करण्याच्या कल्पनेलाही हाच हिशेब लागू पडतो, कारण बारीक अक्षरांना तीक्ष्णता चित्रपटापेक्षाही जास्त लागते.

मुलांच्या अभ्यासासाठी हेडसेट घेण्याचा विचार असेल तर तोही पुन्हा तपासावा. धडधडणारे हृदय किंवा ग्रहमाला आतून पाहणे मुलांना अतिशय आवडते, पण ते एकदा किंवा दोनदा पाहून होते, आणि शाळेच्या अभ्यासक्रमाला धड्यागणिक जोडलेले मराठी साहित्य त्यावर मिळेल अशी अपेक्षा धरू नये. परदेशातील मुलाशी किंवा बहिणीशी एकाच आभासी खोलीत बसून बोलता येईल ही कल्पना मनाला भिडते, मात्र त्यासाठी दोन्ही घरी हेडसेट हवा आणि दोन्हीकडच्या वेळा जुळायला हव्यात. व्हिडिओ कॉल बहुतेक वेळा जिंकतो.

शरीराला ते मानवेल का

उपयोग ठरला की लगेच दुकानात न जाता आपल्या शरीराकडे पाहावे, कारण पैसे वाया जाण्याचे सर्वांत सामान्य कारण इथे असते. घाटात ज्यांना गाडी लागते, त्यांना व्हीआरमध्येही मळमळ होण्याची शक्यता अधिक असते, कारण दोन्हींच्या मुळाशी एकच विसंगती आहे, फक्त उलट बाजूने. खंबाटकीच्या वळणांवर मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्या माणसाच्या कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला हालचाल जाणवते, पण डोळ्यांना ती दिसत नाही. हेडसेटमध्ये डोळ्यांना आपण धावत असल्याचा भास होतो आणि शरीर मात्र जागच्या जागी उभे असते. त्यामुळे ज्या खेळात आपण स्वतः जेवढे पाऊल टाकू तेवढेच दृश्य सरकते, त्यात मळमळ फारशी होत नाही. ज्यात हातात धरायच्या कंट्रोलरची कळ ढकलून पात्राला पळवायचे असते, त्यात ती होते. वर सांगितलेले टेबल टेनिस आणि बीट सेबर पहिल्या प्रकारातले आहेत, मोटारशर्यत आणि विमान दुसऱ्या. मेटाच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक खेळाला तो किती सुसह्य आहे याची श्रेणी दिलेली असते. नवख्याने सौम्य श्रेणीपासून सुरुवात करावी.

जांभया, अंगावर घाम, तोंडाला पाणी सुटणे ही पहिली चिन्हे दिसताच हेडसेट काढून ठेवावा. सहन करत राहिल्याने सवय होते, हा समज चुकीचा आहे. उलट त्रास तासन्‌तास रेंगाळतो आणि पुढच्या वेळी उपकरण हातात घेण्याचीच इच्छा होत नाही. दहा-पंधरा मिनिटांच्या छोट्या बैठका घेत हळूहळू वेळ वाढवल्यास पुष्कळांना सवय होते, सर्वांना मात्र होत नाही. एका बाजूने टेबल फॅनचा वारा घ्यावा, त्याने बरे वाटते आणि डोळे झाकलेले असतानाही आपले तोंड खोलीत कोणत्या दिशेला आहे ते कळत राहते.

डोळ्यांची तपासणी त्याहून सोपी आहे, तरी तिच्याकडे दुर्लक्ष होते. दोन बाहुल्यांमधील अंतर प्रत्येकाचे वेगळे असते, प्रौढांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि हेडसेटची भिंगे त्या अंतरावर आणता आली नाहीत तर चित्र धूसर राहते व डोके दुखते. हे अंतर चष्म्याच्या दुकानात ‘पीडी’ म्हणून सहज मोजून मिळते. क्वेस्ट ३मध्ये चाक फिरवून भिंगांमधील अंतर हवे तसे बदलता येते आणि ५३ ते ७५ मिलिमीटर पीडी असणाऱ्यांना तो चालतो असे मेटा सांगते, तर ३एसमध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत. आपली पीडी ५५ किंवा ७२ असेल, तर स्वस्त पर्याय आपल्यासाठी नाही हे खरेदीआधीच कळते. दूरचा नंबर असणाऱ्यांना हेडसेटमध्येही चष्मा लागतो, कारण त्यातील दृश्य डोळ्यांना साधारण एक ते दोन मीटरवर असल्यासारखे केंद्रित करावे लागते. चाळिशीचा चष्मा याच कारणाने बहुधा लागत नाही. चष्मा घालून हेडसेट चढवता येतो, परंतु काचा हेडसेटच्या भिंगांना घासल्या तर भिंगांवर कायमचे ओरखडे पडतात. म्हणून नंबरच्या वेगळ्या बसवण्याच्या भिंगांचा खर्च गृहीत धरावा. तिरळेपणा असलेल्या किंवा एका डोळ्याने कमी दिसणाऱ्या व्यक्तीला दृश्यातील खोलपणाचा आभास पुरेसा मिळत नाही, तेव्हा तिने प्रत्यक्ष घालून पाहिल्याशिवाय पैसे देऊच नयेत.

अपस्मार, मानेचे दुखणे, गर्भारपण, पेसमेकर यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारावे. क्वेस्ट ३ आणि ३एस या दोहोंचे वजन अर्ध्या किलोहून थोडे अधिक आहे आणि ते बहुतांश चेहऱ्याच्या पुढे लटकते, ही गोष्ट मान धरलेल्या माणसाला पाचव्या मिनिटाला जाणवते. मुलांच्या बाबतीत कंपन्यांनीच वयोमर्यादा घातलेल्या आहेत. मेटाने दहा वर्षांखालील मुलांना आणि सोनीने बारा वर्षांखालील मुलांना आपले हेडसेट वापरू देऊ नये असे म्हटले आहे, आणि मेटाच्या बाबतीत दहा ते बारा वयाच्या मुलांचे खाते पालकांच्या नियंत्रणात असावे लागते. घरात सात वर्षांचे मूल असेल तर ते हट्ट धरणार, हेही लक्षात घ्यावे.

घरात जागा आहे का

उभे राहून खेळण्यासाठी मोकळी जागा किमान दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद हवी. ही जागा मोजपट्टी घेऊन प्रत्यक्ष मोजावी आणि दर वेळी सोफा सरकवून, टीपॉय उचलून ती तयार करावी लागणार असेल तर आपण ते महिनाभराने करू का, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. पलंगाने भरलेल्या खोलीत बसून वापरण्याचे उपयोग तेवढे शक्य आहेत. छताचा पंखा ही आपल्याकडची खास अडचण आहे. पंखा बंद ठेवून, कंट्रोलर हातात धरून, हात पूर्ण वर करून पाते लागते का ते पाहावे. उंच माणसाने उडी मारण्याचे खेळ अशा खोलीत टाळावेत. कपाटाच्या दारावरचा मोठा आरसा हेडसेटच्या कॅमेऱ्यांना गोंधळात पाडतो, त्यावर चादर टाकली की काम भागते. खिडकीतून येणारे ऊन भिंगावर थेट पडले तर ते आतील पडद्यावर एकवटते आणि काही क्षणांत पडदा कायमचा डागाळतो, म्हणून हेडसेट ठेवण्याची जागा आधीच ठरवावी. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरण्याची भीती असते. कॅमेरा बाळगणारे जशी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात तशीच सोय इथेही करावी. चेहऱ्याला टेकणारी कापडी गादी घामाने भिजते आणि घरातील चौघे ती वापरणार असतील तर पुसता येणारे सिलिकॉनचे आवरण आवश्यक समजावे.

कोणता हेडसेट, आणि कोणाकडून

फोन खोक्यात घालून डोळ्यांना लावण्याच्या साधनांचा अनुभव निर्णयासाठी वापरू नये. गुगलने २०१४ मध्ये आणलेले पुठ्ठ्याचे कार्डबोर्ड असो वा २०२३ मध्ये १,२९९ रुपयांना आलेला जिओडाइव्ह असो, या साधनांना आपण मान कुठे वळवली एवढेच कळते. आपण पुढे झुकलो, खाली बसलो किंवा एक पाऊल बाजूला सरकलो हे त्यांना कळत नाही, आणि खऱ्या हेडसेटचा सारा प्रभाव त्या हालचालींवर उभा असतो. त्यामुळे खोके आवडले नाही म्हणून हेडसेट आवडणार नाही असे नाही, आणि खोके पाहून त्रास झाला तरी तोही पुरावा नव्हे.

खऱ्या हेडसेटमध्ये सामान्य खरेदीदारासमोर तीन वाटा आहेत. स्वतःच्या आतच संगणक असलेला, तारेविना चालणारा हेडसेट ही पहिली वाट, आणि तिच्यावर मेटाचे वर्चस्व आहे: क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत ४९९ डॉलरला आला आणि क्वेस्ट ३एस ऑक्टोबर २०२४ मध्ये २९९ डॉलरला. दोन्हींचा प्रोसेसर एकच आहे, फरक मुख्यतः भिंगांत आणि पडद्यात आहे. खेळांसाठी ३एस पुरेसा आहे. अक्षरे वाचायची असतील किंवा कॉकपिटमधील मीटर पाहायचे असतील तर क्वेस्ट ३ला पर्याय नाही. हे दोन्ही संगणकालाही जोडता येतात, पण बिनतारी जोडणीसाठी राउटर त्याच खोलीत आणि संगणक राउटरला केबलने जोडलेला असला तरच चित्र अडखळत नाही. दुसरी वाट प्लेस्टेशन ५ आधीच घरात असणाऱ्यांची. सोनीचा पीएस व्हीआर२ त्याला तारेने जोडला जातो, त्याचा ओएलईडी पडदा अंधारातील दृश्ये उत्तम दाखवतो आणि २०२४ पासून वेगळा अ‍ॅडॉप्टर घेऊन तो संगणकावरही चालतो. तिसरी वाट अ‍ॅपल व्हिजन प्रोची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला आलेला हा हेडसेट इथे केवळ नोंदीसाठी सांगितला, कारण तो घेणाऱ्यास ‘पैसे वसूल होतील का’ हा प्रश्न पडत नसावा.

आता वॉरंटीचा मुद्दा, ज्यावर मी इतर साऱ्या मुद्द्यांपेक्षा अधिक वेळ घालवायला सांगेन. पीएस व्हीआर२ सोनीने २०२३ च्या अखेरीस भारतात अधिकृतपणे आणला. मेटाचे क्वेस्ट मात्र येथे बाजारात आले ते आयात करणाऱ्या विक्रेत्यांमार्फत, अमेरिकेतील किमतीवर बरीच भर घालून. ऑनलाइन दुकानाच्या पानावर ‘एक वर्ष वॉरंटी’ असे लिहिलेले असले तरी ती कंपनीची की विक्रेत्याची, हे लेखी विचारून घ्यावे. विक्रेत्याची असेल तर दुरुस्ती कुठे होते, एकच कंट्रोलर बिघडला तर तेवढा बदलून मिळतो का, आणि जीएसटीसह पक्के बिल मिळेल का, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर देताना विक्रेता घुटमळला तर किंमत कितीही आकर्षक असली तरी पुढे जाऊ नये. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवला तर पैसे वाचतात, परंतु वॉरंटी त्या देशाशी बांधलेली राहते आणि बिघाड झाल्यास उपकरण तिकडच्या पत्त्यावरूनच पाठवावे लागते. प्रवाशाला सीमाशुल्काशिवाय किती किमतीची वस्तू आणता येते, याचा त्या वेळचा नियम पाहून घ्यावा, आणि आपल्या भारतीय कार्डाने मेटाच्या ऑनलाइन दुकानातून खेळ विकत घेता येतात का हे आधीपासून वापरणाऱ्या एखाद्याला विचारावे.

वॉरंटीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे कंपनी या उपकरणाला किती वर्षे सांभाळणार. या क्षेत्रात यंत्र शाबूत असताना त्याचा जीव जाऊ शकतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी ही संगणकावर हेडसेट चालवणारी प्रणाली बंद करण्याचे डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तीतून ती काढून टाकली. परिणामी २०२० च्या अखेरीस बाजारात आलेला एचपीचा रिव्हर्ब जी२ हा उत्तम हेडसेट नव्या विंडोजवर निकामी ठरला. गुगलने डेड्रीम ही आपली व्हीआर प्रणाली २०१९ मध्ये सोडून दिली. मे २०१९ मध्ये आलेल्या पहिल्या क्वेस्टची सुरक्षा अद्ययावत करणे मेटाने २०२४ मध्ये थांबवले. ऑक्टोबर २०२० पासून नव्या ग्राहकांना फेसबुकच्या खात्याशिवाय क्वेस्ट वापरता येत नव्हता आणि २०२२ मध्ये ती अट काढून मेटाचे वेगळे खाते आणले गेले, यावरूनही नियम कोणाच्या हातात आहेत ते दिसते. म्हणून हेडसेटचे उपयुक्त आयुष्य तीन ते चार वर्षेच धरावे आणि त्यापलीकडे मिळाले तर ते वरकड समजावे.

हिशेब

हेडसेटची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. डोक्यावर भार वाटून देणारा चांगला पट्टा, सिलिकॉनचे आवरण, नंबरची भिंगे, ठेवण्याची पेटी आणि चार-पाच खेळ हे सर्व धरून एकूण आकडा काढावा. समजा तो ५०,००० रुपये झाला. आठवड्यातून दोनदा अर्धा तास असे तीन वर्षे वापरले तर १५६ तास होतात आणि तासाला सुमारे ३२० रुपये पडतात. तीन महिन्यांनी सोडून दिले तर १३ तास होतात आणि तासाला ३,८४६ रुपये पडतात. पहिल्या आकड्याची तुलना आपल्या भागातील बॅडमिंटन कोर्टाच्या किंवा व्यायामशाळेच्या खर्चाशी करावी. ती पटली, तर खरेदी योग्य आहे. हप्त्यांवर घेताना मासिक आकडा लहान दिसतो म्हणून हा हिशेब टाळू नये.

जुना हेडसेट घेणे हा खर्च कमी करण्याचा मार्ग आहे, पण त्याला मर्यादा आहेत. पहिला क्वेस्ट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. क्वेस्ट २ चालेल, मात्र अलीकडचे काही खेळ केवळ क्वेस्ट ३ आणि ३एसवरच चालतात. जुना घेताना पांढऱ्या दृश्यावर उन्हाचे डाग दिसतात का, कंट्रोलरला हात न लावता पात्र आपोआप सरकते का हे पाहावे, आणि मूळ मालकाने आपल्यासमोर खाते काढून उपकरण कोरे करून दिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सर्व उत्तरे अनुकूल आली तरी प्रत्यक्ष घालून पाहणे उरतेच. मॉलमधील व्हीआर केंद्रात बहुधा रोलर कोस्टरची चित्रफीत दाखवली जाते, आणि ती या कामासाठी सर्वांत निरुपयोगी चाचणी आहे, कारण तिच्यात आपण काही करत नाही आणि मळमळ मात्र हमखास होते. तेथे उभे राहून खेळण्याचा एखादा खेळ मागावा. त्याहून चांगले म्हणजे मित्राकडून आठवडाभरासाठी हेडसेट मागून आणावा, किंवा मोठ्या शहरांत मिळतो तसा भाड्याने घ्यावा, आणि पहिल्या दोन दिवसांची उत्सुकता ओसरल्यावर आपण तो आपणहून उचलतो का याकडे लक्ष द्यावे. घरातील इतरांनाही याच आठवड्यात घालायला लावावे, कारण ज्यांना तो मानवत नाही त्यांच्यासाठी तो पुढे केवळ जागा अडवणारी वस्तू असतो.

घ्यायचे ठरले तर आधी केवळ हेडसेट आणि आपण सुरुवातीला ठरवलेल्या उपयोगाचा एकच खेळ घ्यावा. खोके उघडताना चित्रीकरण करावे आणि परतीची मुदत संपण्यापूर्वी दोन्ही भिंगे, दोन्ही कंट्रोलर, ध्वनी, चार्जिंग आणि एका चार्जिंगमध्ये सुमारे दोन तास चालते का हे तपासून घ्यावे. मेटाच्या दुकानातून घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, तेव्हा न मानवणारा खेळ संकोच न करता परत करावा. पट्टा, आवरण आणि बाकीचे खेळ महिनाभराच्या वापरानंतर, गरज पटली तरच घ्यावेत.